फिजीच्या जवानांसोबत बसायचं तर

कामठीचा माझा भाचा सीरिया-इस्रायलच्या सीमेवरच्या गोलानला निघालाय, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या निळ्या टोपीत. तिथे प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांचे जवान भेटतीलच. १९९९ साली मी लेबनॉनला होतो तेव्हा त्यांच्यासोबत बरंच बसणं-उठणं झालं. म्हणून त्याच्यासाठी, आणि आपल्या भागातून जाणाऱ्या बाकी पोरांसाठीही, हे लिहून ठेवतोय.

आधी एवढं ध्यानात घे. फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, आपल्या एकट्या नागपूरच्या निम्मीही नाही. तरी शांतता राखायला १९७८ साली त्यांची बटालियन लेबनॉनला पोचली, १९८२ साली इजिप्तच्या सिनाईला. देश लहान म्हणून त्यांना कमी लेखू नकोस.

संध्याकाळी ड्युटी संपली की ते यंगोना प्यायला बसतात. बोलावलं तर जा. बूट बाहेर काढ, डोक्यावरची टोपी उतरव. ते मांडी घालून बसलेले असताना मधून ताठ चालत जायचं नाही. कमरेत वाकायचं आणि ‘तुलोउ’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणत सरकायचं. मी पहिल्या दिवशी टोपीसकट सरळ आत गेलो. कोणी रागावलं नाही, पण चालू गाणं थांबलं. नंतर त्यांच्या एका वयस्कर सार्जंटने बाजूला नेऊन समजावलं. आपल्याकडेही वडीलधाऱ्यांच्या अंगावरून कोणी जात नाही, तरी मला ते तेव्हा सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

यंगोना म्हणजे एका झाडाच्या मुळाची पूड. फडक्यात बांधून पाण्यात पिळतात, आपण भांग गाळतो तशी. रंग पहिल्या पावसातल्या नाग नदीसारखा. दारू नाही ती, पण जीभ बधिर होते आणि अंग सैल पडतं, म्हणून ड्युटीच्या आधी अजिबात नाही, आणि आपल्या साहेबांना विचारल्याशिवाय तर नाहीच. करवंटी पुढे आली की हाताची ओंजळ करून एक टाळी, ‘बुला’ (त्यांचा नमस्कार) म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. घोट घोट घेत बसू नकोस.

बोलायला रग्बी काढ. २०१६ साली रिओत त्यांनी सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं, सुवर्ण जिंकलं, त्यांच्या देशाचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. चेहरे खुलतात.

लेबनॉनमधल्या काना गावाचा विषय मात्र आपणहून काढू नकोस. १८ एप्रिल १९९६ ला तिथल्या फिजी बटालियनच्या तळावर इस्रायली तोफगोळे पडले. आसऱ्याला आलेले शंभरावर गावकरी मेले. तो सार्जंट तेव्हा तिथेच होता. एकदा बोलला, तेही मुलांचे जोडे उचलण्यापुरतंच. मी मध्ये काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस. त्यांनी सांगितलं तर ऐक.

२०१४ साली गोलानलाच त्यांचे ४५ जण अतिरेक्यांनी पकडून नेले होते, दोन आठवड्यांनी सुटले. त्यांच्यातलं कोणी भेटलं तर तिथेही हेच.

आणि संत्रा बर्फीचा एक डबा वेगळा बांध. पहिल्यांदा बोलावतील त्या दिवशी रिकाम्या हाताने जायचं नाही.