कर्करोगाची सुरुवात झालेला मोठा पॉलिप एकसंध कसा काढावा

मोठ्या आतड्यात दोन सेंटिमीटरहून मोठा पसरट पॉलिप (आतल्या अस्तरावरची वाढ) दिसला की हात बायोप्सी फोर्सेप्सकडे (तपासणीसाठी तुकडा घेण्याचा चिमटा) जातो. तो आवरा. पॉलिप स्कोपने (आतड्यात घालायची कॅमेऱ्याची नळी) निघण्यासारखा असेल तर तुकडा घेऊ नका. जखम भरताना खालचा थर चिकटतो आणि पुढे पॉलिपखाली द्रवाचे इंजेक्शन देऊनही तो उचलला जात नाही. जागेची खूण म्हणून टोचायची टॅटूची शाईही पॉलिपखाली नको, गुदद्वाराच्या बाजूला तीनेक सेंटिमीटर सोडून द्या.

पॉलिप धुऊन एनबीआय (रक्तवाहिन्या ठळक दाखवणारा खास प्रकाश) आणि झूमने न्याहाळा. रक्तवाहिन्यांची नक्षी तुटलेली किंवा पुसली गेलेली दिसली (अशा नक्षीच्या जेनेट वर्गीकरणातला प्रकार ३), तर कर्करोग खोल गेला असे धरून रुग्णाला सर्जनकडे पाठवा. उथळ कर्करोगाचा संशय असेल तर ईएसडीच (अस्तराखालच्या थरात सुरी चालवून पॉलिप एकसंध सोलून काढणे) करावी. ईएमआरने (तारेच्या फासाने कापणे) तुकडे करून काढलेल्या पॉलिपमध्ये खोली आणि कडा धड कळत नाहीत.

हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरा, स्कोपच्या टोकाला पारदर्शक कॅप लावा. रुग्णाला अशा कुशीवर वळवा की पाणी-रक्त पॉलिपच्या विरुद्ध बाजूला साचेल आणि कापलेला पदर आपसूक लोंबेल. पॉलिप उचलण्यासाठी खाली टोचलेले सलाइन पटकन जिरते; हायल्युरोनिक ॲसिड टिकते. त्यात थोडे इंडिगो कार्मिन घाला: निळा दिसतो तो सबम्युकोसा (अस्तराखालचा थर), तिथेच सुरी चालवायची. पांढरट आडवे धागे म्हणजे स्नायू. सुरुवातीलाच पूर्ण गोल छेद घेतलात तर द्रव गळून फुगवटा बसतो. रक्तवाहिनी दिसली की आधी शेकून मग कापा. आतड्याला भोक पडलेच तर क्लिप बसण्यापुरती जागा मोकळी करून लगेच बंद करा.

काढलेला पॉलिप, म्हणजे नमुना, तसाच बाटलीत टाकला तर तो आक्रसून गुंडाळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. थर्माकोलवर म्युकोसा (आतले अस्तर) वर ठेवून, हलका ताणून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी कडेकडेने टाचा. थर्माकोल तरंगतो, म्हणून नमुन्याची बाजू खाली करून १० टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवा. गुदद्वाराकडची कड कोणती, ते लिहून द्या.

घरी जाताना रुग्णाला सांगा: रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, ताप किंवा पोटदुखी आली तर थांबू नये.

रिपोर्टमध्ये खोलीचा आकडा मागून घ्या. सबम्युकोसात १००० मायक्रॉनपेक्षा कमी शिरकाव, कडा मोकळ्या, पेशी चांगल्या किंवा मध्यम प्रतीच्या (मूळ पेशींशी बऱ्यापैकी मिळत्याजुळत्या), रक्त-लसिका वाहिन्यांत शिरकाव नाही, बडिंग (कर्करोगाच्या कडेला सुटलेले पेशींचे बारीक पुंजके) पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी, दर्जाचे, एवढे जमले तर सहसा देखरेख पुरते. यातले एकही चुकले तर लसिकाग्रंथींसाठी शस्त्रक्रियेचा विचार सर्जनसोबत बसून करावा लागतो, पॉलिप कितीही स्वच्छ निघालेला असो.