पावसाळी हंगामात समुद्री शेवाळ: निर्यातीचा भाव ओलाव्यावर ठरतो

कप्पाफायकस शेवाळ लावणाऱ्यांना पावसाळ्यात दोन मोह पडतात. भाव चढलाय म्हणून दोऱ्यांवर वाढणारे पीक महिन्याभरातच कापायचे आणि ऊन मिळत नाही म्हणून अर्धवट वाळलेला माल पोत्यात भरायचा. दोन्हींत नुकसान आपलेच.

परदेशातला कारखानदार शेवाळाचे नव्हे, त्यातल्या कॅराजीननचे पैसे मोजतो. आइस्क्रीम, टूथपेस्ट, डबाबंद मांस यांना घट्टपणा देणारा पदार्थ तो हाच. पीक साधारण ४५ दिवसांचे झाल्याशिवाय त्यातल्या कॅराजीननची जेल नीट घट्ट होत नाही. २००८ मध्ये भाव एकदम भडकले, तेव्हा कोवळा माल सर्रास कापला गेला. पुढे भाव कोसळले आणि कोवळ्या मालाला कोणी विचारेना.

कच्च्या वाळवलेल्या शेवाळाचा सर्वांत मोठा पुरवठादार इंडोनेशिया आणि मोठा ग्राहक चीन. त्यामुळे ढिगाच्या जोरावर स्पर्धा करू पाहणारा छोटा उत्पादक हरणारच. त्याच्या हाती उरतो तो माल कोरडा आणि स्वच्छ ठेवणे.

ओलाव्याचा हिशेब एकदा कागदावर मांडाच. सौदा ३५ टक्के ओलाव्याचा आहे आणि तुमच्या १०० किलोंत ४२ टक्के निघाला, तर खरा कोरडा माल ५८ किलो. सौद्याच्या मापाने तो ८९ किलोच धरला जातो. वाळू, शिंपले, दोरीचे तुकडे यांची कपात वेगळी.

वाळवण जमिनीवर नको. बांबूच्या मांडवावर जाळी टाका किंवा दोऱ्यांवर टांगा; ताडपत्री हाताशी हवी. वाळत घातलेल्या मालावर पाऊस पडला, तर क्षार धुऊन जातात, रंग उडतो आणि वजनही घटते. वजन वाढवायला वरून मीठ चोळणारेही भेटतात. प्रयोगशाळेत ते लगेच पकडले जाते आणि पुढची खेप नाकारली जाते.

पाण्यातल्या पिकाकडेही बघा. मुसळधार पावसाने वरच्या थराची क्षारता उतरते, फांद्या पांढऱ्या पडून तुटू लागतात; हाच आइस-आइस रोग. दोऱ्या थोड्या खोल सोडा, पांढरे भाग लगेच काढून किनाऱ्यावर आणा, पाण्यात टाकू नका. पुढच्या लावणीचे बेणे मात्र निरोगी, कोवळ्या शेंड्यांचेच घ्या; रोगट दोरीवरचे उरलेसुरले नको.

विक्रीआधी मालाचा छोटा नमुना तपासून घ्या आणि ओलाव्याची मर्यादा सौद्यात लिहून घ्या.