वाळवंटातलं छप्पर बदलताना पैसा कुठे जातो

पंचवीस वर्षं छपरांवर चढतोय. वाळवंटात कौलं क्वचितच मरतात, मरतो तो त्यांच्याखालचा थर. भाजकी कौलं ५० वर्षं सहज काढतात. खालचा डांबरी कागद मात्र २०-३० वर्षांत उन्हाने कडक होऊन हातात चुरा होतो. म्हणून खर्चाचा अंदाज मागताना आधी विचारा: हीच कौलं उतरवून, नवा कागद घालून परत बसवता येतील का? जमलं, तर मालाचा मोठा खर्च वाचतो. उतरवताना थोडी फुटतातच, तेवढी जादा धरा.

मापं स्वतः घ्या. जमिनीवरचं क्षेत्रफळ म्हणजे छपराचं नव्हे. १२ इंचांना ६ इंच चढणारा उतार असेल, तर ते सुमारे १२ टक्क्यांनी वाढतं. वळचणी वेगळ्या.

कागदाखालच्या खराब फळ्या छप्पर उघडल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून फळी बदलण्याचा दर आधीच लिहून घ्या. मी एकदा तोंडी बोलण्यावर भागवलं आणि गिऱ्हाइकाशी दोन महिने अबोला झाला. चूक माझीच.

रंगाचं म्हणाल तर फिकाच. गडद छप्पर भर उन्हात ६५ अंशांच्याही वर तापतं. ऊन परतवणारं त्याहून २५ अंशांनी थंड राहू शकतं.

ऐन उन्हाळ्यात काम काढू नका. दुपारी छपरावर उभं राहवत नाही, कामाचे दिवस वाढतात, मजुरीही. आणि पाऊस कमी म्हणून भिंतीलगतच्या पत्र्याच्या पट्ट्यांत काटकसर नको. वाळवंटातला पाऊस वर्षाचा हिशेब तासाभरात चुकता करतो.