निकालपत्रात ऑनलाइन विश्वकोशाचा हवाला : या चुका टाळा

विकिपीडियाचे पान मोबाइलवर क्षणात उघडते, वाचायला सोपे असते, आणि म्हणूनच ते लेखी युक्तिवादात आणि तिथून निकालपत्रात फारशी छाननी न होता शिरते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये हेवलेट पॅकार्ड विरुद्ध सीमाशुल्क आयुक्त, न्हावा शेवा या प्रकरणात याविषयी स्पष्ट इशारा दिला. अशा संकेतस्थळांची उपयुक्तता मान्य करूनही, कोणीही संपादन करू शकेल अशा स्रोतावर कायदेशीर वाद सोडवताना विसंबू नये आणि वकिलांनी अधिक विश्वसनीय, अधिकृत साधने न्यायालयापुढे आणावीत, असे त्यात म्हटले आहे.

पहिली चूक म्हणजे वादाच्या मुद्द्यावरच विश्वकोशाचा आधार घेणे. नाशिकच्या दिवाणी न्यायालयात निफाडचा बागायतदार आणि द्राक्ष व्यापारी यांच्यात मालाच्या पैशांवरून दावा आहे, असे समजा. व्यापारी म्हणतो की घड बागेतच डाऊनी या रोगाने खराब झाले होते, तर बागायतदार म्हणतो की माल वाहतुकीत खराब झाला. डाऊनी हा बुरशीजन्य रोग आहे आणि तो दमट हवेत फैलावतो, एवढी पार्श्वभूमी पानावरून समजून घ्यायला हरकत नाही. मात्र या घडांवर नेमके काय होते, हे त्या पानावरून ठरवता येणार नाही. त्यासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञाची साक्ष हवी, कारण तज्ज्ञाचा उलटतपास घेता येतो आणि पानाचा घेता येत नाही. माझ्या मते हाच सर्वांत मोठा फरक आहे.

दुसरी चूक तारखेची. पान रोज बदलू शकते, त्यामुळे नुसता पत्ता देऊन भागत नाही. पानाच्या इतिहासात प्रत्येक आवृत्ती जतन झालेली असते. त्यातील नेमक्या आवृत्तीचा दुवा, तारीख आणि वेळ नोंदवावी. छापील प्रत निशाणी (क्रमांक दिलेला पुरावा) म्हणून दाखल करायची असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते, आणि त्यात हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये बदल झाला नाही हे तपासता येईल असा तिचा सांकेतिक ठसा, द्यावे लागते. ही तयारी ऐन तारखेच्या दिवशी होत नाही.

‘सर्वोच्च न्यायालयानेही विकिपीडिया वापरला आहे’ हा युक्तिवादही टाळावा. २०१० च्या डी. वेलुसामी प्रकरणात ‘कॉमन लॉ मॅरेज’ (विधिवत लग्न न करता पती-पत्नीसारखे राहण्यातून मानला जाणारा विवाह) या संकल्पनेसाठी तसा उल्लेख आहे हे खरे, पण त्यावरून कोणतेही पान पुरावा ठरत नाही. पानाखालच्या संदर्भांपर्यंत जावे, मूळ ग्रंथ, अधिसूचना किंवा अहवाल स्वतः वाचावा आणि हवाला त्याचाच द्यावा. मूळ संदर्भ सापडत नसेल किंवा तो पानातील विधानाला दुजोरा देत नसेल, तर ते विधान वगळावे. दुसऱ्या संकेतस्थळावर तेच वाक्य सापडले म्हणून दुजोरा मिळाला असेही मानू नये, कारण विकिपीडियाचा मजकूर अनेक ठिकाणी जसाच्या तसा उचललेला असतो.

शेवटची चूक न्यायाधीशांच्या बाजूने होऊ शकते. युक्तिवाद संपल्यावर दालनात बसून स्वतः माहिती शोधली आणि ती थेट निकालपत्रात घेतली, तर जो पक्षकार हरला त्याला ती खोडून काढण्याची संधीच मिळत नाही. न्यायिक दखल घेताना, म्हणजे एखादी बाब पुराव्याशिवाय मान्य करताना, योग्य संदर्भग्रंथ पाहण्याची मुभा कायद्यात आहे, पण वादग्रस्त बाबीवर नवी माहिती हाती आली, तर दोन्ही बाजूंना तिची प्रत द्यावी, म्हणणे मांडण्यासाठी तारीख द्यावी आणि तशी नोंद रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन कामाच्या नोंदीत) करावी.