पावसाळ्यात लॅच लागत नसेल तर आधी कुंकू लावून बघा

जुलै उजाडला की ऐरोलीतल्या आमच्या मुख्य दाराचं लॅच लागत नाही. खांद्याने दार दाबलं तरी जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात जात नाही. खाडीकाठच्या दमट हवेत हे घरोघरी होतं. सुतार बोलावण्याआधी एवढं करून बघा.

१. चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवून जिभेच्या टोकाला लावा. जीभ आत ओढून दार लावा आणि मग जीभ सोडा. ती अडते तिथे पट्टीवर लाल ठसा उमटतो.

२. ठसा भोकाच्या खाली आला तर दार लोंबलंय. वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर काढा, काडेपेटीच्या दोन-तीन काड्या गुल मोडून फेव्हिकॉलमध्ये बुडवा आणि त्या भोकात ठोकून बसवा. बाहेर उरलेलं कापा, रात्रभर वाळू द्या, सकाळी तोच स्क्रू परत पिळा. दाराखाली घडी केलेला पुठ्ठा सरकवून ठेवा आणि एका वेळी एकच स्क्रू काढा, म्हणजे सगळा भार बिजागरीवर येत नाही. आमचं दार एवढ्यानेच सरळ झालं.

३. फरक एक-दोन मिलिमीटरचाच असेल तर पट्टीचं भोक त्या बाजूने कानशीने घासा.

मात्र पावसाळ्यात दाराला रंधा मारू नका. दिवाळीनंतर लाकूड सुकून आक्रसतं, मग तिथे फट राहते आणि ती परत भरून येत नाही.