माती-मुरमाच्या वाटेसाठी बाबागाडी निवडताना

खोक्यावर ‘ऑल टेरेन’, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी, असं छापलेलं दिसलं की आधी चाकांचा व्यास मोजावा. १५ सेंटिमीटर व्यासाची कडक प्लॅस्टिकची चाकं असलेली गाडीही हे बिरुद मिरवत दुकानात उभी असते, आणि सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरसुद्धा खडखडते. टेकडीवरची रुंद वाट, शेतातली पाणंद, माथेरानची लाल माती, कोकणातला कातळाचा सडा अशा ठिकाणी बाळाला फिरवायचं असेल तर गाडी वेगळीच लागते. ती जड असते, महाग असते आणि घरात जागा अडवते. म्हणून ती खरंच लागणार आहे का, हे आधी वाटेवर जाऊन ठरवावं.

महिन्यातून दोनदा जिथे जाल ती वाट एकदा मोजपट्टी घेऊन चाला. मागच्या चाकांसह या गाड्यांची रुंदी साधारण ६० ते ७० सेंटिमीटर भरते. सगळ्यात चिंचोळ्या जागी वाट एक मीटर तरी हवी, कारण गाडी कधीच अगदी सरळ रेषेत जात नाही. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून काही टेकड्यांच्या वाटेवर लोखंडी खांब किंवा फिरतं फाटक असतं. तिथून गाडी जात नसेल तर दर वेळी दोघांनी ती उचलायची तयारी ठेवावी लागेल. वाटेत सलग पायऱ्या असतील किंवा गडाची चढण असेल, तर कितीही मजबूत बाबागाडी घेतली तरी पैसे वाया. तिथे बाळ पाठीवर किंवा छातीशी बांधून न्यावं. आणि रस्ता डांबरीच असेल, तर साध्या गाडीवर भागतं.

चाक मोठं का हवं

चाकापुढे ३ सेंटिमीटर उंचीचा दगड आला असं समजा. १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला तो ओलांडायला त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे १.३ पट आडवा जोर लागतो. चाक ३० सेंटिमीटरचं, म्हणजे १२ इंची असेल तर हाच जोर पाऊण पटीवर येतो. १६ इंची चाकाला तो साधारण ०.६ पट पुरतो. लहान चाक दगडाला धडकून थांबतं आणि बाळ पुढे फेकल्यासारखं होतं, मोठं चाक त्याच दगडावरून वर चढून उतरतं. मागची चाकं किमान १२ इंच हवीत, १६ असतील तर उत्तम. पुढचं चाक १० ते १२ इंचांचं चालतं, कारण दांडा दाबून ते उचलता येतं.

तीन चाकी घ्यावी की चार चाकी? उंचसखल जमिनीवर तीन चाकं नेहमी टेकलेली राहतात, चारातलं एखादं अधांतरी राहतं आणि गाडी डुगडुगते. शिवाय पुढे एकच चाक असलं की खड्डा चुकवणंही एकदाच. पण तीन चाकी गाडी आडव्या उतारावर, म्हणजे वाट एका अंगाला कललेली असेल तिथे, पुढच्या कोपऱ्याकडे कलंडू शकते. मागच्या दोन चाकांमधलं अंतर भरपूर आणि बैठक खाली असेल तर हा धोका कमी होतो. बैलगाडीच्या वाटेवर मात्र तीन चाकीची पंचाईत होते. मागची चाकं चाकोरीच्या बाहेर आणि पुढचं मधल्या गवतात, अशी ती अडकत अडकत चालते.

पुढचं चाक गोल फिरणारं आणि सरळ दिशेत कुलूपबंद होणारं, असं दोन्ही हवं. बाजारात, लिफ्टमध्ये ते मोकळं ठेवावं. मुरमावर पोचताच खटका लावून ते सरळ करावं. मोकळं राहिलं तर खड्ड्यात ते आडवं होतं आणि गाडी जागीच थबकते. सरळ केल्यावरही गाडी सतत एका बाजूला ओढत असेल, तर चाकाच्या आसाजवळ दिशा जुळवायचा लहान स्क्रू किंवा फिरकी असते. ती पाव-पाव फेरा फिरवत दहा पावलं चालून बघावं.

हवेचे टायर, आणि व्हॉल्व्हची भानगड

फोम भरलेलं टायर पंक्चर होत नाही, त्यामुळे विक्रेते ते पुढे करतात. सपाट वाटेवर ते ठीक आहे. पण दगडगोट्यांवर हवेच्या टायरची बरोबरी त्याला जमत नाही, कारण हवेचं टायर दगडाभोवती दबतं आणि हादरा आत पोचूच देत नाही. रुंदी २ इंचांच्या आसपास हवी. बारीक टायर वाळूत आणि ओल्या मातीत रुततं.

पंक्चरची भीती खरी आहे. देशावरच्या माळांवर सराटे आणि बाभळीचे काटे असतातच. त्यासाठी खरेदीच्या वेळीच दोन गोष्टी बघून ठेवाव्यात. टायरच्या कडेला छापलेला आकार वाचा. १२ १/२ × २ १/४ हा लहान मुलांच्या १२ इंची सायकलींचाच आकार आहे, त्यामुळे ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते. आकार वेगळाच असेल तर दोन ट्यूब गाडीबरोबरच मागून घ्या. नंतर शोधत फिराल.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्ह. या गाड्यांना बहुधा मोटारसायकल-कारसारखा व्हॉल्व्ह असतो. आपल्याकडच्या साध्या सायकलींना मात्र वॉलट्यूबवाला, म्हणजे बारीक रबरी नळीचा, जुना व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे सायकलवाल्याच्या पंपाचं तोंड इथे बसत नाही. दोन्ही तोंडांचा लहान हातपंप घ्यावा आणि कायम गाडीच्या टोपलीत ठेवावा. पेट्रोल पंपावरच्या हवेचं तोंड बसतं, पण एवढ्याशा टायरमध्ये काही सेकंदांत जास्त हवा जाते. ट्यूब फुटते किंवा प्लॅस्टिकची रिम तडकते. तिथे भरायचीच असेल तर क्षणभर लावून काढावं, अंगठ्याने दाबून बघावं, पुन्हा लावावं.

टायरवर छापलेला हवेच्या दाबाचा (पीएसआय) आकडा कमाल मर्यादेचा असतो. खडबडीत वाटेवर त्याहून बरीच कमी हवा ठेवावी, इतकी की अंगठा जोरात दाबला तर टायर थोडंसं दबेल. त्याहूनही कमी केली तर दगडावर आपटताना ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. काट्याचं भोक एकच असतं, त्यावरून कारण ओळखता येतं. उन्हात बंद कारमध्ये गाडी ठेवलीत तर हवा आपोआप वाढते. सकाळी २७ अंशांना २५ पीएसआय भरलेलं टायर ६० अंशांना जवळपास २९ वर जातं. काठोकाठ भरलेल्या टायरला एवढंही जड जाऊ शकतं.

काट्यांच्या भागात ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, भरून ठेवणं सोयीचं पडतं. बाटलीवर चाकाच्या आकाराप्रमाणे प्रमाण दिलेलं असतं, तेवढंच घालावं. जास्त झालं तर चाक जड होतं आणि फिरताना थरथरतं.

शॉकअप, सांगाडा, ब्रेक

मागच्या चाकांना स्प्रिंग किंवा रबराचे शॉकअप असावेत. बैठकीवर हाताने दाबून बघा. पूर्ण जोर लावला तरच हलणारी स्प्रिंग ७-८ किलोच्या बाळासाठी असून नसल्यासारखी. ती मोठ्या मुलाच्या वजनासाठी लावलेली असते. घट्टपणा कमी-जास्त करता येत असेल तर चांगलंच, नसेल तर सगळा भरवसा टायरच्या हवेवर.

दांड्याची दोन टोकं धरून एक पुढे, एक मागे असं पिळून बघावं. सांगाडा करकरला किंवा सांध्यांत खेळ जाणवला तर ती गाडी तिथेच सोडावी. नवी असताना जो खेळ असतो तो मुरमावर वाढतच जातो. दांड्याची उंची बदलती हवी, विशेषतः आई आणि बाबांच्या उंचीत फरक असेल तर. चालताना नडगी मागच्या आसावर आदळत नाही ना, हे लांब पावलं टाकून बघा. दुकानात छोटी पावलं पडतात म्हणून ते कळत नाही.

एकाच पायाने दोन्ही मागची चाकं अडवणारा ब्रेक हवा. उतारांवर जाणार असाल तर दांड्यावर हाताने आवळायचा ब्रेकही उपयोगी. गाडीला मनगटात अडकवायचा पट्टा असतो, तो शोभेसाठी नाही. १३ किलोची गाडी, १० किलोचं बाळ, म्हणजे २३ किलो. दहाला एक असा साधा उतार असला तरी गाडी सव्वादोन किलोच्या ओढीने सतत पुढे जायला बघते. पाचाला एक असला की साडेचार किलोची ओढ. पाय घसरला आणि हात सुटला तर तो पट्टाच गाडी धरून ठेवतो.

बाळाला बांधायला दोन खांदे, दोन कंबर आणि पायांमधला असे पाच पट्टे हवेत. पट्टा आणि गळपट्टीच्या हाडामधून दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवावी. कप होल्डर, फोनचा खण, खेळण्यांची दांडी यांचा विचार अगदी शेवटी केला तरी चालेल.

दुकानातली परीक्षा

रिकामी गाडी चकचकीत फरशीवर ढकलली तर प्रत्येकच गाडी लोण्यासारखी चालते. ५ किलोच्या दोन आट्याच्या पिशव्या बरोबर न्या आणि बैठकीवर पट्ट्यांनी बांधा. मग एका हाताने ढकला, वळवा, दाराच्या उंबऱ्यावर चढवा. दांडा दाबून पुढचं चाक १० सेंटिमीटर उचललं जातं का बघा. त्यासाठी अंगाचा सगळा भार टाकावा लागत असेल तर वाटेवर दर दगडाला तेच करावं लागेल. तळघरातल्या पार्किंगचा उतार जवळ असेल तर तिथे ब्रेक लावून गाडी सोडून बघा, तोंड खाली आणि तोंड वर, दोन्ही प्रकारे. शेवटी दांड्याला ३ किलोची पिशवी अडकवा. तेवढ्याने पुढचं चाक हलकं होऊन उचलायला लागलं तर गाडीचा तोल मागे आहे. एरवीही सामान टोपलीत ठेवावं, दांड्याला लटकवू नये. ब्रेक लागलेला असूनही गाडी मागे उलटते ती यामुळेच.

आता घडी. या गाड्या १० ते १४ किलोच्या असतात, आणि घडी केली तरी मोठ्या चाकांमुळे फुगीर राहतात. डिकीची लांबी, रुंदी, उंची लिहून न्या. कारमध्ये सीएनजीची टाकी असेल तर बहुतेक वेळा मागची चाकं काढून सीटवर ठेवावी लागतात, म्हणून चाकं अवजाराशिवाय निघतात का तेही बघा. इमारतीच्या लिफ्टचं दार मोजायला विसरू नका.

परदेशातून कोणी आणणार असेल तर युरोपातल्या गाडीवर ईएन १८८८ आणि अमेरिकेतल्या गाडीवर एएसटीएम एफ८३३ ही मानकं लिहिलेली असतात. ईएन १८८८ चा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा त्यापुढे २२ किलोपर्यंत. जुनी घेताना रंगावर जाऊ नका. टायरच्या कडांना भेगा, पट्ट्यांचे उसवलेले टाके, घडीचा खटका अर्धवट बसणं, या तिन्हींपैकी एक जरी दिसलं तरी नको म्हणा.

बाळाचं वय आणि वाटेवरचं वागणं

मान धरली नाही तोवर खडबडीत वाट नाहीच, गाडी कितीही भारी असली तरी. साधारण सहा महिन्यांनंतर, बाळ मान पूर्ण सावरायला लागलं की आणि डॉक्टरांशी बोलून मुरमावर न्यायला हरकत नाही. त्याआधी गुळगुळीत रस्त्यावर, पूर्ण सपाट झोपवता येणाऱ्या बैठकीत फिरवावं. गाडी घेऊन धावणं तर त्याहूनही उशिरा, आणि तेही उत्पादकाने धावण्यासाठी म्हणून दिलेल्या गाडीतच.

उन्हात गाडीवर पांघरूण किंवा जाड ओढणी टाकून ‘सावली’ करू नये. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. लांब छत आणि बाजूला जाळी असलेली गाडी घ्या. पावसाळी आच्छादनालाही हवेची भोकं हवीत.

माथेरानसारख्या ठिकाणी, दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतच्या अडीच किलोमीटरमध्ये, बरेच जण मिनी ट्रेनच्या रुळांच्या कडेने चालतात. रूळ ओलांडताना काटकोनात जा आणि पुढचं चाक उचला, तिरकं गेलात तर ते रुळालगतच्या फटीत अडकतं. समुद्रावर ओल्या, घट्ट वाळूतून ढकलत जावं. कोरड्या वाळूत पुढचं चाक रुततं, तेव्हा गाडी उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर ओढत न्यावी. परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकं आणि आस धुवावेत, नाहीतर बेअरिंग खाऱ्या पाण्याने गंजतात.

निघण्यापूर्वी दर वेळी गाडी वर उचलून पुढचं चाक खाली ओढून बघा. पटकन निघणाऱ्या चाकाचा खटका अर्धवट लागलेला असला तर ढकलताना काही कळत नाही, आणि पहिल्या मोठ्या दगडावर चाक निसटतं. टोपलीत पंप, एक जादा ट्यूब, टायर उचकटायचे प्लॅस्टिकचे दोन चमचे, ठिगळं आणि सोल्यूशनची नळी असावी. पंक्चर काढल्यावर ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा, काटा बहुधा तिथेच असतो.