मॉडेल वाफेच्या इंजिनाचे साइड रॉड अडकत असतील तर

एच-ओ (1:87) किंवा डबल-ओ (1:76) मापाचे मॉडेल इंजिन हळू चालवले की चाकाच्या प्रत्येक फेरीत ठरावीक जागी आखडते आणि मग गचका देऊन पुढे जाते. वेग वाढवला की दोष दिसेनासा होतो. अशा वेळी बरेचजण थेट साइड रॉडची, म्हणजे एका बाजूची चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांची, भोके मोठी करायला घेतात. कृपया तसे करू नका. कापलेला धातू परत येत नाही, आणि मूळ दोष डाव्या-उजव्या चाकांच्या आपसातल्या कोनात असेल तर मोठ्या भोकांमुळे तो नुसता झाकला जातो. आधी अडकण्याची जागा शोधायची.

1. मोटर वेगळी करा. बॉडी काढा, मोटर सैल करून वर्म गिअरपासून (मोटरची गती अ‍ॅक्सलला देणाऱ्या आटेदार गिअरपासून) सोडवा आणि चासी, म्हणजे चाकांसह खालचा सांगाडा, काचेवर हाताने ढकलून पाहा. गचका गेला, तर दोष मोटर, वर्म किंवा वाळलेल्या ग्रीसमध्ये आहे. गचका तसाच राहिला, तर फोटो काढून घ्या आणि मगच साइड रॉड, मेन रॉड (पिस्टनकडून चाकाकडे येणारा दांडा) व व्हॉल्व्ह गिअर (वाफेची झडप हलवणारे दांडे) उतरवा. डाव्या-उजव्या बाजूचे भाग वेगळ्या डब्यांत ठेवा. क्रँक पिनचे, म्हणजे रॉड ज्यावर बसतो त्या चाकावरच्या खुंटीचे, स्क्रू खूपच बारीक असतात, म्हणून काम पांढऱ्या ताटात करा.

रॉड नसतानाही चाक अडकत असेल तर अ‍ॅक्सलवरचा (चाकांच्या आसावरचा) नायलॉनचा गिअर भिंगाखाली पाहा. दोन दातांच्या मधल्या खाचेत तडा असेल तर गिअर बदलायचा. तिथे गोंद टिकत नाही.

2. चाकांमधले अंतर तपासा. चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर डबल-ओमध्ये साधारण 14.5 मिमी असते. एच-ओसाठी एनएमआरए (अमेरिकेतली मॉडेल रेल्वे संघटना) गेज, म्हणजे त्यांची मापपट्टी, वापरा. हे काम याच टप्प्यावर करा, कारण चाक आतबाहेर सरकवताना त्याचा कोनही हलतो.

3. एका वेळी एकाच बाजूचे रॉड लावा. सगळी मेहनत या चाचणीने वाचते. सगळ्या पिना एकाच दिशेला ठेवून डाव्या बाजूचा साइड रॉड तेवढा चढवा आणि चाके सावकाश फिरवा. मग तो काढून उजव्या बाजूचा लावा.

पिना घड्याळातल्या 3 किंवा 9 वर, म्हणजे डेड सेंटरला, असताना अ‍ॅक्सलमधले आणि रॉडच्या भोकांमधले अंतर जुळावेच लागते. बाकीच्या जागी चाक किंचित फिरून फरक पोटात घालते, इथे त्याला ती सोय नसते. म्हणून एकटी बाजू 3 आणि 9 वर आखडत असेल तर दोष त्याच बाजूच्या रॉडमध्ये किंवा पिनमध्ये आहे. दोन्ही बाजू एकेकट्या मोकळ्या फिरतात, पण दोन्ही लावल्यावर फेरीत चार जागी, पिना 45 अंशांच्या आसपास असताना अडकते, तर चाकांचा कोन, म्हणजे क्वार्टरिंग, बिघडले आहे. सहा किंवा आठ चाकांच्या इंजिनात शक्य तिथे दोन-दोन अ‍ॅक्सल जोडून पाहा, म्हणजे दोषी अ‍ॅक्सल सापडतो.

4. रॉड आणि पिन सुधारा. रॉड काचेवर ठेवून वाकलाय का पाहा आणि गुळगुळीत तोंडाच्या पकडीने सरळ करा. पिन चाकाशी काटकोनात हवी. ती तिरकी असेल तर आधी ती सरळ करा किंवा बदला. हे सगळे ठीक असूनही अंतर जुळत नसेल, तेव्हाच घड्याळजींच्या बारीक रीमरने (भोक खरवडून मोठे करायच्या हत्याराने) भोक वाढवा: रीमरचे दोन-तीन वळसे, मग चाचणी. 1.5 मिमीच्या पिनला 1.6 ते 1.7 मिमीचे भोक पुरते.

5. क्वार्टरिंग. एका बाजूची पिन दुसऱ्या बाजूच्या पुढे 90 अंश असते. पण कोन नेमका 90 असण्यापेक्षा सगळ्या अ‍ॅक्सलवर सारखा असणे महत्त्वाचे. एकावर 91 असेल तर सगळ्यांवर 91 चालेल. मोटरने फिरणारा अ‍ॅक्सल प्रमाण माना, त्याला हात लावू नका. दुसऱ्या अ‍ॅक्सलवरच्या एका चाकावर आणि अ‍ॅक्सलच्या टोकावर मिळून पेन्सिलची रेघ ओढा, आणि ते चाक अगदी जरासे पिळा. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वाफेच्या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) 28 इंच, म्हणून 1:87 मापात क्रँक, म्हणजे चाकाच्या मध्यापासून पिनपर्यंतचे अंतर (स्ट्रोकच्या निम्मे), सुमारे 4 मिमीचा येतो. तिथे 1 अंशाची चूक पिनपाशी 0.07 मिमी होते. भोकातला मोकळेपणाच 0.1 ते 0.2 मिमी असताना दोन-तीन अंशांची चूक इंजिन अडवायला पुरेशी आहे. चाक पिळल्यावर सैल वाटले तर धातूच्या अ‍ॅक्सलवर लॉकटाइटचा (धातूचे भाग पक्के धरणाऱ्या गोंदाचा) छोटा थेंब देऊन 24 तास ठेवा.

सगळे अ‍ॅक्सल गिअरने जोडलेले असतील, तर परत बसवताना एक दात चुकला तरी असाच दोष येतो. 24 दातांच्या गिअरमध्ये एक दात म्हणजे 15 अंश.

6. आडवी जागा तपासा. पिनचा स्क्रू कसल्यावरही रॉड किंचित हलला पाहिजे. पुढच्या पिनचे डोके क्रॉसहेडच्या (पिस्टनचा दांडा आणि मेन रॉड जोडणाऱ्या सरकत्या सांध्याच्या) मागच्या बाजूला घासते, ही नेहमीची अडचण; तिथे पातळ डोक्याचा स्क्रू लावा. मात्र अ‍ॅक्सलची सगळी आडवी हालचाल वॉशर घालून बंद करू नका, नाहीतर इंजिन वळणावर अडेल. माथेरानच्या खऱ्या इंजिनांना तर तीव्र वळणांसाठी क्लीन-लिंडनर पद्धतीचे सरकणारे अ‍ॅक्सल दिले होते.

7. जोडणी. प्रत्येक पिनला प्लॅस्टिकला चालणाऱ्या तेलाचा थेंब सुईच्या टोकाने द्या. काच किंचित तिरकी धरली की चासी स्वतःहून, न थांबता घरंगळली पाहिजे. मग मोटर बसवा आणि मंद वेगात अ‍ॅमीटर (विजेचा प्रवाह मोजणारे यंत्र) पाहा: आकडा प्रत्येक फेरीत वर-खाली होत असेल तर अजून कुठेतरी आवळतेय. आकडा स्थिर झाला की मेन रॉड आणि व्हॉल्व्ह गिअर एकेक बाजू करून जोडा, आणि प्रत्येक भागानंतर पुन्हा हाताने चाक फिरवून पाहा.